फांदी कुठं गेली?

मागच्या महिन्यात आम्ही पाचजणी याच रेडिओवर भिगवणच्या पक्ष्यांविषयी बोललो, तेव्हापासून फोन सुरूच आहेत. बहुतेकींचा प्रश्न एकच, कॅमेरा कोणता घेऊ? ते आधी सांगून टाकतो, म्हणजे जे बोलायला आज आलोय त्याला वेळ राहील.

आमचा कॅमेरा भिशीचा आहे. सलग पाच नंबर आम्ही कुणीच घरी नेले नाहीत, पैसे एकत्र ठेवले आणि पुण्याहून एक वापरलेला निकॉनचा पी ९०० आणला. याची लेन्स बदलता येत नाही, पण झूम 83 पट आहे, म्हणजे 2000 मिलिमीटरपर्यंत. एवढ्या पल्ल्याची वेगळी लेन्स घ्यायची तर घरात भांडणंच होतील. मोबाइलनंही फोटो येतात, फुलपाखरांचे तर छानच येतात. पण मोबाइलवर बोटांनी चित्र मोठं करतो ना, तेव्हा तो बहुतेक वेळा आहे तेच चित्र ताणतो. पक्षी जवळ येत नाही, नुसता फुटतो.

आमच्या कॅमेऱ्याचे दोष पण ऐका. उजेड कमी असला की फोटोत दाणे दिसतात. उडत्या पक्ष्यावर फोकस लागेपर्यंत पक्षी पलीकडच्या गावात पोचलेला असतो. आणि पूर्ण झूम केला की आपल्या श्वासानंसुद्धा हात हलतो. त्याला उपाय म्हणून आमच्यातल्या शिवणकामवाल्या वहिनींनी जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवली आणि आत ज्वारी भरली. बांधावर, होडीच्या काठावर, स्कूटीच्या सीटवर ती पिशवी ठेवायची आणि तिच्यावर कॅमेरा टेकवायचा. पहिल्याच पावसाळ्यात ज्वारीत सोंडे झाले, आता कडुनिंबाचा पाला टाकतो. पावसाळ्यात कॅमेराही हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवायचा, नाहीतर लेन्सला आतून बुरशी धरते. बगळ्यासारखा पांढरा पक्षी असेल तर एक्स्पोजर थोडं उणे करा, नाहीतर पिसं न दिसता नुसता चुन्याचा ठिपका येतो. बसलेल्या पक्ष्याला शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास ठेवला तर बरं. एवढ्यावर वर्षभर सराव करा. कॅमेऱ्याचं इथं संपलं.

आता जे सांगायचंय ते जरा जड आहे. आम्ही आपापसांत पुष्कळ दिवस बोललो, सांगावं की नाही म्हणून.

दोन वर्षांपूर्वीचा एप्रिल. आमच्यातल्या एकीच्या परसात डाळिंबाची चार झाडं आहेत. एका झाडात छातीएवढ्या उंचीवर लालबुड्या बुलबुलानं घरटं केलं होतं. आत तीन पिलं. कॅमेरा नवा, हात शिवशिवत होते. पण घरट्यासमोर एक पानांची फांदी आडवी येत होती. आधी आम्ही ती सुतळीनं बाजूला बांधली. सुतळी सरकायला लागली, तेव्हा छाटणीच्या कात्रीनं फांदीच कापली. इंदापुराकडच्या बायका आम्ही, डाळिंबाची फांदी कापणं म्हणजे रोजचं काम. कुणाच्या मनातही आलं नाही.

सकाळचे अकरा वाजले होते. दीड तास आम्ही तिथं आळीपाळीनं उभ्या होतो. बुलबुलाची जोडी तारेवरून कुंपणावर, कुंपणावरून तारेवर करत होती. मादीच्या की नराच्या, ते दिसायला सारखेच असतात, पण एकाच्या चोचीत अळी होती. ती अळी तशीच चोचीत धरून तो ओरडत होता. आम्ही म्हटलं, वा, काय पोझ दिलीय. त्याचाही फोटो काढला.

पिलांचा फोटो फारच सुंदर आला. तीन चोची वर, तिन्ही उघड्या, आतला गुलाबी रंग चमकतोय.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरटं रिकामं होतं. कुणी नेलं ते पाहिलं नाही. कावळा असेल, भारद्वाज असेल, मांजर असेल. पिलं उडण्याएवढी झालेली नव्हती, एवढं मात्र कळत होतं. आम्ही चुकचुकलो. निसर्ग आहे, असं चालायचंच, असं म्हणून चहा प्यायलो. हो, खरंच असं म्हणालो.

मग तो फोटो मोबाइलमध्ये घेतला. स्नॅपसीड नावाचं फुकटचं ॲप आहे, त्यात नको तो डाग पुसायची सोय असते. फोटोच्या कडेला कापलेल्या फांदीचं ताजं पांढरं तोंड दिसत होतं. ते बोटानं पुसलं. मागच्या भिंतीचा रंग हिरवट केला. तालुक्याच्या एका प्रदर्शनात फोटो लागला आणि बक्षीसही मिळालं.

प्रदर्शनात एक वयस्कर पक्षीनिरीक्षक आले होते. फोटोसमोर बराच वेळ थांबले. मग आमच्यातल्या एकीला हळूच विचारलं, ‘‘ताई, फांदी कुठं गेली?’’

ती गांगरली. म्हणाली, ‘‘कुठली फांदी?’’

ते म्हणाले, ‘‘बुलबुल असं उघड्यावर घर करत नाही. पिलांच्या पाठीवर सरळ ऊन आलंय बघा. आणि या चोची भुकेनं उघडल्यात असं वाटतंय का तुम्हाला? पिलू भुकेलं असतं तेव्हा मान ताणून वर येतं. यांच्या माना खाली आहेत. ही उन्हानं धापा टाकतायत.’’

रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. जाताना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती तुम्हालाही ठाऊक असावी. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे ना, त्यात ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या दिलीय, तिच्यात पक्ष्याच्या अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणंही धरलेलं आहे. आम्ही स्वतःला पक्षीप्रेमी म्हणवत होतो.

बक्षीस परत करावं, असं आमच्यातल्या दोघींचं म्हणणं होतं. तिघींना धीर झाला नाही. ते प्रशस्तिपत्र अजून एका फाइलीत आहे आणि त्यावरून आमची अजूनही कधीकधी वादावादी होते. हे सगळ्यांसमोर आज पहिल्यांदाच सांगतोय.

तेव्हापासून आम्ही काही गोष्टी सोडल्या. घरट्याचा फोटो काढत नाही. फोटोतलं काही पुसत नाही आणि नसलेलं घालत नाही. उजेड कमीजास्त करणं, कडा कापणं, पाण्याची रेघ तिरकी आली तर सरळ करणं, एवढंच करतो. रंगाचा मोह फार होतो. उजनीच्या पाण्यावर रोहित येतात, त्यांना कुणी अग्निपंख म्हणतं. एकदा आम्ही रंग इतका ओढला, की अख्खा थवा दांडीयाला निघाल्यासारखा दिसायला लागला. खरं तर रोहित बराचसा पांढरट असतो, तांबडा भडक रंग पंखांत असतो आणि पंख उघडल्यावर दिसतो. तो रंगही त्याच्या खाण्यातून येतो. पोरवयाचे रोहित राखी, मळकट असतात. आम्ही रंग ओढला तसे थव्यातले ते चार-पाच राखी पक्षी गुलाबी होऊन गेले. म्हणजे थव्यात यंदा पोरं किती आली, हे त्या फोटोवरून कळायची सोय आम्हीच घालवली.

होडीवाल्या दादांनाही आता बसायच्या आधीच सांगतो, ‘‘दादा, थवा उडवायचा नाही.’’ एकदा एक दादा हसून म्हणाले, ‘‘ताई, सगळे तर म्हणतात उडवा, उडवल्याशिवाय पैसे वसूल होत नाहीत.’’ त्यांना दोष कसा द्यायचा? मागणारे आपणच. चिखलात मान घालून खाणारा पक्षी एका सकाळी पाच होड्यांनी पाच वेळा उडवला, तर तो खाणार कधी?

शेवटी टिटवीचं सांगतो. गेल्या उन्हाळ्यात ओढ्याकाठच्या एका पडीक रानात टिटवी दिसली. आपल्याकडे ती ओरडली की बायका कानावर हात ठेवतात, अपशकुनी म्हणतात. ती ओरडते ते बहुतेक वेळा कुणीतरी तिच्या अंड्यांच्या जवळ आलं म्हणून. तिला घरटं असं नसतंच. मुरमाड जमिनीवर उघड्यातच बहुधा चार अंडी घालते, मुरमात मिसळून जाणारी. एप्रिल-मेच्या उन्हात ती पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येते आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसते. आपण जवळ उभ्या राहिलो आणि ती उठून ओरडत राहिली, तर अंडी उन्हात उकडतात.

आम्ही साठ-सत्तर पावलांवर बाभळीच्या सावलीत बसलो. ज्वारीची पिशवी दगडावर, कॅमेरा पिशवीवर. ती उठली असती तर निघून येणार होतो. ती उठली नाही. पंधरा मिनिटांत चार फोटो काढले आणि परत आलो. मोबाइलमधलं लोकेशन बंद ठेवलं. जागेचं नाव तेव्हाही कुणाला सांगितलं नाही, आजही सांगत नाही.

दोन दिवसांनी त्याच रानात नांगरट सुरू झाल्याचं कळलं. आम्ही स्कूटी काढली. खुणेला दगड मांडावेत असं एकीला वाटत होतं, पण दगडांचं रिंगण पाहून पोरं आणि कावळे दोन्ही जमतात. मग ट्रॅक्टरवाल्यालाच गाठलं. म्हटलं, ‘‘दादा, एवढ्या दोन काकऱ्या सोडता का?’’ तो आधी आमच्याकडे बघत राहिला, मग खाली उतरला. लांबूनच जागा दाखवली. त्यानं तेवढा तुकडा सोडला. ‘‘पेरणीला येईपर्यंत सोडतो,’’ म्हणाला.

पुढच्या आठवड्यात लांबून बघितलं, तर टिटवी त्या जागेवर नव्हती. ओढ्याच्या बाजूनं जायला निघालो, तशी दोघं नर-मादी ओरडत थेट आमच्या डोक्यावर आली. टिटवीची पिलं अंड्यातून बाहेर आली की लवकरच चालायला लागतात, तेव्हा ती तिथंच गवतात कुठंतरी असणार. पाऊल कुठं पडेल सांगता येत नव्हतं. आम्ही आल्या पावली मागं फिरलो.

पिलांचा फोटो आमच्याकडे नाही.