वावरातल्या शिळांचं रिंगण

वावर सपाट करायला जेसीबी आला, की पहिले उचलले जातात ते मोठे दगड. ते गोलाकार मांडलेले असतील, तर एक क्षण थांबा. ते थडगं असू शकतं.

आपल्या विदर्भात अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी लोखंड गाळणारे, घोडे पाळणारे लोक राहत. माणूस पुरला, की ते वर मुरूम, गोटे आणि मातीची भर घालत अन् भोवती शिळांचं रिंगण करत. नागपूरजवळ जुनापाणीला अशी सुमारे ३०० रिंगणं आहेत. काही शिळांवर वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्यानं एकोणिसाव्या शतकातच त्यांची नोंद केली आणि युरोपातल्या शिळांवरच्या खळग्यांशी त्यांचं साम्य दाखवलं.

माहुरझरीला डॉ. शां. भा. देव यांनी १९७० ते ७२ मध्ये उत्खनन केलं. माणसाच्या हाडांजवळ घोड्याची हाडं निघाली. घोड्याच्या तोंडावर तांब्याचा साज, सोबत लोखंडी लगाम. आपल्या माणसासोबत त्याचा घोडाही पाठवायचा, केवढी ती माया आणि केवढी ती श्रद्धा! नैकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली.

हे सगळं नागपूरकडचं, असं समजू नका. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात पाचखेडच्या टेकाडात याच काळातल्या वस्तीचे थर निघाले आहेत. अशा टेकाडाची पांढरी माती भिंतीला, वावराला नेण्याची रीत जुनी आहे. पण टोपलीभर मातीबरोबर खापरं, मणी, राख जातात आणि कोणती वस्तू कोणत्या थरातली, हे पुन्हा कधीच कळत नाही. रिंगणाचंही तसंच. एक शिळा हलली, की मांडणी मोडली.

जुनापाणीला केंद्र सरकारचं संरक्षण आहे. अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही. नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मात्र कुठल्याच यादीत नसलेल्या रिंगणाला राखणदार एकच, तो वावराचा मालक.

म्हणून शेतकरी बंधुभगिनींनो, विनंती आहे. गोल मांडलेल्या शिळा दिसल्या, नांगराला काळी-तांबडी खापरं लागली, तर तेवढा तुकडा तसाच सोडा. फोटो काढा, गावच्या तलाठ्याला दाखवा आणि पुरातत्त्व विभागाला कळवायला सांगा. गिट्टी दुसरीकडेही मिळेल.