रस्त्यावरची छायाचित्रे आणि माळ्यावरच्या पेट्या



ऐन लग्नसराईतली कामे बाजूला ठेवून आपल्यापैकी अनेक जण छायाचित्रकारांच्या या संमेलनाला आले आहेत, म्हणून थेट विषयालाच हात घालतो. रस्त्यावर फिरून छायाचित्रे टिपणाऱ्याचे पोट कशावर चालते आणि तो गेल्यावर त्याच्या कामाचे काय होते, याविषयी मला बोलायचे आहे.

पोटाचे उत्तर आपण सगळे अनुभवाने जाणतो. निव्वळ रस्त्यावरच्या फोटोंवर घर चालवणारे फार थोडे. पॅरिसच्या युजीन आत्जेला नट म्हणून यश मिळाले नाही. मग तो लाकडी कॅमेरा आणि काचेच्या प्लेटा वाहून नेत जुन्या गल्ल्या, दुकाने, फेरीवाले टिपू लागला आणि ते फोटो चित्रकारांना, ग्रंथालयांना संदर्भ म्हणून विकू लागला. आपल्या रघुवीर सिंहांनी मोठ्या परदेशी मासिकांची कामे घेतली आणि त्याबरोबर रंगीत फिल्मवर भारतातले रस्ते टिपले. त्यांचे मुंबईवरचे पुस्तक 1994 साली आले. त्यातली काचांमधली प्रतिबिंबे तरुणांनी जरूर पाहावीत.

पण मला जास्त जवळच्या वाटतात होमाई व्यारावाला. जन्म 1913, नवसारीचा. शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. दिल्लीतल्या नेत्यांचे त्यांचे फोटो सर्वांना ठाऊक आहेत. त्याआधी, 1930च्या दशकात, त्यांनी मुंबईतले रोजचे जगणे टिपले. जे. जे.मधल्या मैत्रिणी, त्यांच्या सहली, शहरात मोकळेपणी वावरणाऱ्या तरुण मुली त्यांच्या फोटोंत आहेत. ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने सुरुवातीला एका फोटोला एक रुपया दिला. त्यांचे बरेच फोटो छापून आले ते मात्र पती माणेकशॉ यांच्या नावाने. एवढ्या समर्थ छायाचित्रकार बाईला आपल्याच कामाखाली आपले नाव दिसू नये, याचा मला आजही राग येतो. 2011 साली त्यांना पद्मविभूषण मिळाले, तेव्हा कॅमेरा खाली ठेवून त्यांना चाळीस वर्षे होऊन गेली होती.

गेटवे ऑफ इंडियासमोर उभे राहणारे आपले बंधूही मी याच घराण्यातले मानतो. खांद्याला कॅमेरा, हातात नमुन्यांचा अल्बम, पाठीवरच्या पिशवीत छोटा प्रिंटर. रोलच्या काळात ते पर्यटकाचा पत्ता लिहून घेत आणि प्रिंट पोस्टाने पाठवत. मोबाइल आला आणि त्यांचे गिऱ्हाईक आटले. त्यांच्यातल्या एका वयस्कर गृहस्थांना मी विचारले, ‘‘जुने फोटो ठेवलेत का?’’ ते म्हणाले, ‘‘साहेब, ज्याचा फोटो त्याला दिला. मी ठेवून काय करू?’’ खेड्यापाड्यांतून पहिल्यांदा मुंबई पाहायला आलेली कुटुंबे यांच्याइतकी कोणी टिपली असतील असे मला वाटत नाही, आणि त्यांच्यापाशी त्यातले काही उरलेले नाही.

शिकागोत मुले सांभाळणाऱ्या व्हिव्हियन मायरची गोष्ट अलीकडे कौतुकाने सांगितली जाते. तिने लाखाहून अधिक फोटो काढले, बहुतेक कोणालाच दाखवले नाहीत. भाड्याच्या गोदामाचे पैसे थकले आणि 2007 साली तिच्या पेट्यांचा लिलाव झाला. 2009 मध्ये ती वारली, कीर्ती त्यानंतर आली. लोकांना ही कहाणी रम्य वाटते, मला ती ऐकून धसका बसतो. त्या पेट्या एखाद्या भंगारवाल्याने उचलल्या असत्या तर? आत्जेचेही तसेच. 1927 मध्ये तो गेला, आणि पुढच्याच वर्षी बेरेनिस अॅबट या तरुण छायाचित्रकर्तीने धडपड करून त्याच्या प्लेटा व प्रिंट मिळवल्या, म्हणून तो आज आपल्याला माहीत आहे.

आपल्याकडे काय होते ते मी पाहिले आहे. स्टुडिओ बंद होतो, मुले दुसऱ्या धंद्यात असतात, निगेटिव्हचे खोके माळ्यावर जातात. पावसाळ्यात बुरशी धरते. जुनी अॅसिटेट फिल्म कुजू लागली की डबा उघडताच व्हिनेगरचा उग्र वास नाकात शिरतो. फिल्म आक्रसते, वळते, वरच्या थरावर सुरकुत्या पडतात. तिथून ती पूर्ववत होत नाही. उरलेले खोके फिल्ममधल्या चांदीसाठी वजनावर विकले जातात. एका गावाचा चाळीस-पन्नास वर्षांचा बाजार, जत्रा, एसटी स्टँड असा किलोच्या भावाने निघून जातो.

शासनाने, विद्यापीठांनी हे जपायला हवे, ही मागणी मी या व्यासपीठावरून करतोच. पण तोवर थांबू नका. घरी गेल्यावर माळ्यावरचे एक खोके खाली काढा. प्लास्टिकमध्ये गुदमरलेल्या निगेटिव्ह कागदी पाकिटांत घाला, खोके कोरड्या, थंड जागी ठेवा. प्रत्येक पाकिटावर पेन्सिलीने साल, गाव, ठिकाण आणि छायाचित्रकाराचे नाव लिहा. फोटो पत्नीने काढला असेल तर पत्नीचे लिहा. मोबाइलवर काढता त्या फोटोंनाही ही नोंद हवीच. आणि आपल्या तालुक्यातल्या एखाद्या बंद स्टुडिओच्या मालकांना पुढच्या पावसाळ्याआधी भेटून या, एवढी कळकळीची विनंती करतो आणि आपली रजा घेतो.