“ताई, रिव्हॉल्वरचं लायसन कुठी भेटते?”

(वर्धा जिल्ह्यातील बचतगटांच्या महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आज मी बंदुकीवर बोलणार आहे. पत्रिकेत माझा विषय ‘महिला आणि सुरक्षितता’ असा छापलाय. पण या विषयावरची भाषणं तुम्ही इतकी ऐकलीत, की मी तेच पुन्हा सुरू केलं तर मागच्या रांगेतल्या बाया उठून भाकरी टाकायला जातील, आणि त्यात त्यांची काही चूक नसेल.

देवळी तालुक्यातल्या एका गावात आमची बैठक होती. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा, संरक्षण अधिकारी, अर्ज कसा करायचा, असं सगळं मी सांगितलं. चहा आला. तेवढ्यात कोपऱ्यातली एक बाई म्हणाली, “ताई, रिव्हॉल्वरचं लायसन कुठी भेटते?” काही बाया हसल्या. ती हसली नाही.

तिचं नाव सांगत नाही. वय पस्तिशीचं. नवरा वारलेला, दोन लेकरं, सासऱ्याच्या नावावरची चार एकर कोरडवाहू. बचतगटाची रक्कम बँकेत भरायला ती स्कूटीवर जाते. गावातला एक माणूस दोन वर्षांपासून तिच्या मागे आहे. रस्त्यात आडवा येतो, रात्री फोन करतो, शेतात धुऱ्यावर येऊन बसतो. ती ठाण्यात गेली होती. कोणतं ठाणं ते सोडून द्या. तिथे एन.सी. लिहून घेतली, कागद हातात दिला आणि “समजावून सांगतो” म्हणाले. पाठलाग हा २०१३ पासून कायद्याने स्वतंत्र गुन्हा आहे, तो दखलपात्र आहे, म्हणजे एफ.आय.आर. व्हायला हवा होता. पण हेही खरं, की पहिल्यांदा केलेला पाठलाग जामीनपात्र आहे. गुन्हा नोंदला असता तरी तो माणूस संध्याकाळी घरी आला असता. नव्या भारतीय न्याय संहितेतही हे असंच आहे. बाईला कलम माहीत नव्हतं, पण संध्याकाळी तो परत येतो हे तिला पक्कं माहीत होतं.

मी एम.एस.डब्ल्यू. केलेली बाई. मला तेव्हा काय सुचावं? “अहो बाई, हत्याराने प्रश्न सुटत नाहीत.” असं मी म्हटलं. ती गप्प बसली. परतीच्या एस.टी.त मला माझीच लाज वाटली. तिने एक माहिती विचारली होती आणि मी तिला उपदेश दिला होता. मग ठरवलं की आधी माहिती घ्यायची, मत नंतर.

तर माहिती अशी. दिल्लीतलं डिसेंबर २०१२ चं प्रकरण तुम्हाला आठवतं. त्यानंतर जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी आयुध कारखान्याने बायकांसाठी म्हणून एक रिव्हॉल्वर काढलं. नाव ठेवलं ‘निर्भीक’. .३२ बोअरचं, सहा गोळ्यांचं, वजन ५०० ग्रॅम. दागिन्यांच्या पेटीसारख्या पेटीत घालून ते विकलं. किंमत सुमारे १ लाख २२ हजार रुपये. त्या वर्षी आपल्या राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला १६८ रुपये होती. म्हणजे सातशेहून जास्त दिवस राबा, एक पैसा खाऊ नका, मग निर्भय व्हा. मणिपूरमध्ये बंदुकीने विधवा झालेल्या बायांसोबत काम करणाऱ्या बिनालक्ष्मी नेप्राम यांनी तेव्हाच याला कडक विरोध केला होता. ज्यांनी बंदुका जवळून पाहिल्या त्यांचं म्हणणं मला वजनदार वाटतं. पण त्या बाईचं भय मणिपुरातलं नव्हतं, धुऱ्यावरचं होतं.

परवान्याचं म्हणाल तर आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे आणि २०१६ चे नियम आहेत. वय एकवीस पूर्ण हवं. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे. पोलिसांचा अहवाल लागतो, तो तीस दिवसांत द्यावा असं नियम म्हणतो. शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला लागतो. जिवाला धोका असल्याचं दाखवावं लागतं. नाकारलं तर कारण लेखी मागता येतं आणि वर अपील करता येतं. परवान्याशिवाय जवळ बाळगलं तर तुरुंग. गावठी कट्टा कोणी स्वस्तात देतो म्हणाला तर हात जोडा. तो फुटला तर आधी आपलाच हात जातो, आणि सापडला तर आपणच आरोपी.

एवढं वाचून झाल्यावर वाटलं, वस्तू हातात घेतल्याशिवाय बोलायचं कसं? ओळखीने एका रायफल क्लबच्या रेंजवर गेले. तिथल्या शिकवणाऱ्या बाईंनी तासभर मला गोळीच झाडू दिली नाही. आधी रिकामं आहे का ते डोळ्यांनी पाहायचं, बोटाने चाचपायचं. रिकामं आहे हे माहीत असलं तरी भरलेलंच आहे असं धरायचं. नळी माणसाकडे कधीच नाही. नेम धरेपर्यंत बोट चापावर नाही, बाजूला सरळ. हे शंभर वेळा करून घेतलं. मग क्लबचं .२२ चं पिस्तूल दिलं. दहा मीटरवरचा कागद. मी दहा गोळ्या झाडल्या, कागदाला तीन लागल्या. समोर कागद होता, तो हलत नव्हता, ओरडत नव्हता, मला ओळखत नव्हता, तरी तीनच.

तिथल्या एका सदस्याने स्वतःचं .३२ रिव्हॉल्वर रिकामं करून हातात दिलं. मला वाटायचं लहान आणि हलकं तेवढं बाईला सोपं. उलट आहे. हत्यार जितकं हलकं तितका गोळी सुटताना हाताला बसणारा धक्का मोठा. नळी आखूड असली की नेमात जरा चूक झाली तरी गोळी भलतीकडे जाते. मूठ लहान असेल तर करंगळीला धरायला जागा उरत नाही. रिव्हॉल्वरचा चाप दाबायला चांगलाच जोर लागतो, आणि दाबताना सगळी मूठ हलते. आपल्या हातांना जोर कमी नाही, निंदण-खुरपणाचे हात आहेत. पण हा जोर वेगळा, एका बोटाचा, बाकी हात दगडासारखा स्थिर ठेवून. त्या बाई म्हणाल्या, घ्यायचंच असेल तर पेटी आणि रंग पाहून घेऊ नका. मुठीत नीट बसतं का, चाप एकट्या बोटाने ओढता येतो का, चक्र उघडून रिकामं करणं जमतं का, एवढं पाहा. पिस्तुलात मॅगझिन, खटका, अडकलेली गोळी काढणं अशा भानगडी जास्त, म्हणून नवख्याला रिव्हॉल्वर बरं, असं त्यांचं मत. आणि सराव. घेतलं, कपाटात ठेवलं, असं चालत नाही. रिकाम्या हत्याराने रोज चाप ओढायचा आणि महिन्यातून एकदा तरी रेंजवर जायचं. काडतुसं महाग, आणि वर्षाला किती घ्यायची ते परवान्यावर लिहिलेलं. कोल्हापूरची राही सरनोबत २५ मीटर पिस्तुलात २०१३ साली विश्वचषक स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणारी पहिली भारतीय बाई ठरली, २०१८ साली आशियाई स्पर्धेतही तिने सुवर्ण घेतलं. त्यामागे वर्षानुवर्षांचा रोजचा सराव आहे. आपल्याला पदक नको असतं हे खरं, पण आपल्याला दुसरी गोळीही मिळत नसते.

आता ते ठेवायचं कुठे? हसू नका, हा मोठा प्रश्न आहे. नियम म्हणतो, सार्वजनिक जागी नेताना ते म्यानात, पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात हवं. काढून दाखवणं, नुसतं धमकावणं, हाही गुन्हा. पुरुषाच्या कमरेला पट्टा असतो. आपल्या लुगड्याला ना खिसा ना पट्टा. पैशाची पुरचुंडी आपण पोलक्यात ठेवतो, तिथे अर्धा किलो लोखंड ठेवता येईल का? उरली पर्स. पर्स एस.टी.त वरच्या फळीवर जाते, शेतात बाभळीला टांगली जाते, घरी लेकरू खाऊ शोधायला तिच्यातच हात घालतं. रेंजवर मी पर्समधून काढून पाहिलं, अर्थात रिकामं. चेन, रुमाल, मोबाइल, किल्ल्या, मग ते. तेवढ्या वेळात माणूस पंधरा पावलं सहज चालून येतो.

इथे मला हिंगणघाट आठवतं. ३ फेब्रुवारी २०२० ची सकाळ. कॉलेजात शिकवायला निघालेल्या तरुण प्राध्यापिकेवर रस्त्यात पेट्रोल टाकून तिला पेटवून दिलं. करणारा ओळखीचा, आधीपासून त्रास देणारा. १० फेब्रुवारीला ती गेली. बरोबर दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी २०२२ ला, त्याला जन्मठेप झाली. तेव्हा मोर्च्यात एक मुलगी ओरडली होती, “आमाले बंदुका द्या!” मी तिच्या शेजारी उभी होते, मलाही ते पटलं होतं. पण नंतर विचार केला, तिच्या पर्समध्ये असतं तर? बाटलीचं झाकण उघडायला जेवढा वेळ लागतो तेवढा तिला मिळाला असता का? उपयोगी वेळ होता तो त्याच्या आधीचे महिने.

आणि घरातलं काय? राष्ट्रीय गुन्हे नोंदणीचे अहवाल दरवर्षी सांगतात की बलात्काराच्या शंभरातल्या नव्वदहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो, आणि बायकांवरच्या गुन्ह्यांत सगळ्यात मोठा आकडा नवरा आणि सासरच्यांच्या छळाचा असतो. घरातल्या माणसावर रोखायला पर्समधलं रिव्हॉल्वर कोण काढणार? उलट ते कुठे ठेवलंय हे त्यालाच आधी माहीत असतं. अमेरिकेत बंदुका घरोघरी आहेत. तिथे १९९३ साली झालेल्या एका अभ्यासात दिसलं की घरात बंदूक असेल तर त्या घरात खून होण्याची शक्यता जवळपास पावणेतीन पट. २००३ च्या दुसऱ्या अभ्यासात, मारहाण करणाऱ्या जोडीदाराच्या हाताशी बंदूक असेल तर बाईचा जीव जाण्याचा धोका पाच पट. आपल्या घरांत दारू आहे, दारूबंदीच्या जिल्ह्यात असूनही आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको. त्यात कर्ज आहे, आणि कपाशीच्या फवारणीच्या औषधाचा डबा ज्या घरात मन मोडल्यावर जवळ केला जातो, तिथे भरलेलं हत्यार ठेवायची मला भीती वाटते.

काही जण मला म्हणतात, गांधींच्या जिल्ह्यात तुम्ही हे काय बोलता? गांधीजी १९३६ साली शेगावात राहायला आले, ज्याचं पुढे सेवाग्राम झालं. त्याच वर्षी याच वर्ध्यात लक्ष्मीबाई केळकरांनी राष्ट्र सेविका समिती काढली आणि बायकांना लाठी शिकवायला सुरुवात केली. त्यांचं राजकारण आपलं नाही. पण बाईने स्वतःला कसं वाचवायचं हा वाद या गावात तेव्हापासूनचा आहे. आणि खुद्द गांधीजींनी १९४२ साली ‘हरिजन’मध्ये लिहिलंय की हल्ला झाला त्या क्षणी बाईने हिंसा-अहिंसेचा हिशेब करत बसू नये, सुचेल त्या मार्गाने स्वतःला वाचवावं. कायदाही तेच म्हणतो. जिवावरचा हल्ला, बलात्काराचा प्रयत्न, ॲसिड, यांत हल्लेखोराचा जीव गेला तरी तो स्वसंरक्षणाचा हक्क ठरतो. मात्र गरजेपेक्षा जास्त इजा नको, आणि पळून जाणाऱ्याच्या पाठीत गोळी नको. हे कोर्टात सिद्ध करता करता वर्षं जातात, तेही लक्षात ठेवा.

हे सगळं मी त्या बाईला जाऊन सांगितलं. जवळजवळ आत्ता तुम्हाला सांगितलं तसंच. दहा गोळ्या आणि तीन छिद्रं, तेही सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “ताई, तुमचं समदं बरोबर हाय. पण अर्ज तं करू द्या.”

आमच्या कार्यकर्त्यांत यावर मोठं भांडण झालं. एक मैत्रीण म्हणाली, संघटनेने बंदुकीच्या अर्जाला हात लावायचा नाही. दुसरी म्हणाली, मागणारी ती आहे, आपण कोण? माझं मत मी सांगितलं, की तिने रिव्हॉल्वर घेऊ नये असं मला वाटतं, आणि अर्ज भरायला तिच्यासोबत मी जाणार. या दोन गोष्टी एकत्र कशा, ते मला अजूनही नीट सांगता येत नाही. अर्ज भरला. ‘धोक्याचं स्वरूप’ या ठिकाणी तिने दोन वर्षांचं सगळं लिहिलं, तारखांसकट. फोन कधी आले, धुऱ्यावर कधी बसला, रस्त्यात कुठे अडवलं. मागे एन.सी.ची झेरॉक्स जोडली.

मग चौकशीसाठी अर्ज ठाण्यात आला. जमादार घरी आले, तेच, एन.सी. लिहिणारे. त्यांना लिहून द्यायचं होतं की या बाईला खरंच धोका आहे की नाही. धोका आहे लिहिलं, तर दोन वर्षं काय केलं असं वरचा साहेब विचारणार. नाही लिहिलं, तर जोडलेला कागद त्यांच्याच अक्षरातला. चहा घेईपर्यंत ते काही बोलले नाहीत. चार दिवसांनी तिला ठाण्यात बोलावलं आणि पाठलागाचा एफ.आय.आर. झाला. पुढे त्याच्यावर चॅप्टर केस झाली, चांगल्या वर्तणुकीचा बाँड लिहून घेतला. आमच्या गटाच्या दोघी तिच्याबरोबर बँकेत जाऊ लागल्या. तो धुऱ्यावर येत नाही, निदान सध्या.

परवान्याच्या अर्जावर अजून निर्णय झालेला नाही. मी तिला विचारलं, आता मागे घ्यायचा का? ती म्हणाली, “राहू द्या ना ताई. तो अर्ज हाय तोवर ते इचारपूस करतेत.”