यीस्टमध्ये जनावराचा विषाणू वाढेल का?



कपाशी वाळली, ज्वारी करपली, तरी दावणीचं जनावर घर तगवतं. 2022 साली लम्पीची मोठी साथ आली, तेव्हा त्याच जनावरावर घाला पडला. गाईंना टोचायला शेळ्यांच्या देवीची लस वापरावी लागली.

लस महाग का पडते? लाळ्या-खुरकुताचा विषाणू हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या मूत्रपिंडाच्या पेशींत वाढवतात. या पेशी नाजूक, त्यांचा खुराक महाग. यीस्ट मात्र कारखान्याच्या मळीवरही फोफावतं. मग विषाणू यीस्टमध्येच का वाढवू नये?

शास्त्रज्ञांनी हे तपासलं आहे. प्रत्येक विषाणूची किल्ली ठरावीक पेशीच्याच कुलपाला लागते, आणि यीस्टला तर जाड भिंत. म्हणून ती भिंत उतरवून विषाणूचं बियाणं, म्हणजे आरएनए, थेट आत घातलं. 1996 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या कामात न्यूझीलंडमधल्या एका किडीचा फ्लॉक हाउस विषाणू यीस्टमध्ये पूर्ण वाढला. तिथून निघालेल्या विषाणूनं कीटकाच्या पेशींना लागणही केली. शास्त्राच्या हिशोबी कीडही प्राणीच!

पण एक वाण एका शिवारात साधला म्हणून सगळे वाण साधत नाहीत. लाळ्या-खुरकुताच्या लसीला आजही प्राण्यांच्याच पेशी लागतात.

दुसरी वाट मात्र खुली आहे. कावीळ-बी च्या लसीत यीस्टमध्ये विषाणू वाढवतच नाहीत. त्याच्या कवचाचा एकच जनुक आत घालून फक्त कवचाचं प्रथिन काढतात. त्यानं रोग होत नाही, शरीर मात्र विषाणू ओळखायला शिकतं. अमेरिकेत 1986 साली अशी लस आली. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सनं 1997 साली ती भारतात बनवली आणि परदेशी लसीपेक्षा पुष्कळ स्वस्त विकली.

माणसासाठी हे झालं, तर गाईसाठी प्रयत्न का नको? पुण्यात औंधला सरकारी पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्था आहे. गाईंसाठीच्या लम्पी लसीचं तंत्रज्ञान तिला देण्याचा करार डिसेंबर 2022 मध्ये झाला. त्यातून किती मात्रा निघाल्या, आपल्या तालुक्यांना किती मिळाल्या, हा हिशोब आपण मागायचा. यीस्टच्या वाटेवर संशोधनाला पैसा द्या, ही दुसरी मागणी.

तोवर हातात आहे ते सोडू नका. 2019 च्या राष्ट्रीय कार्यक्रमात लाळ्या-खुरकुताची लस दर सहा महिन्यांनी ठरलेली आहे. कुपी बर्फात आली का, ते टोचण्याआधी बघा. उन्हात तापलेली लस टोचणं म्हणजे किडकं बी पेरणं. शिरूर असो की दौंड, प्रत्येक गावानं टोचलेल्या जनावरांची यादी करून पुढच्या बैठकीला आणावी.