नोकरीच्या दाराचे माप
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून आपण दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक करतो, आणि ते योग्यच आहे. आज मात्र मला अशा मुलांविषयी बोलावयाचे आहे, ज्यांच्याकडे गुण असूनही बक्षिसांच्या यादीत ज्यांचे नाव क्वचितच येते.

प्रथम एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी माझ्या आठवीच्या वर्गात एक मुलगा होता. तो नजरेला नजर देत नसे. मधल्या सुट्टीत भिंतीलगत एकटाच फिरे. एस.टी.चे वेळापत्रक त्याला तोंडपाठ होते. एकदा फळ्यावर मी एक सन चुकीचा लिहिला. त्याने भर वर्गात उभे राहून चूक दाखवली. मी त्याला उद्धट ठरवले आणि तासभर वर्गाबाहेर उभे केले. तो उद्धट नव्हता. चूक दिसली, म्हणून त्याने सांगितली, इतकेच. दहावीनंतर त्याच्या अब्बांनी त्याला एका नातेवाइकाच्या दुकानात बसवले. गिऱ्हाइकाशी गोड बोलणे त्याला जमेना. पंधरा दिवसांत तो घरी परतला. अब्बा मला म्हणाले, "सर, पोरगा खोटं बोलत नाही, हिशेबात एक पैसा चुकत नाही. पण त्याला ठेवणार कोण?"

त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हते. पुढे वाचनात जे आले, ते आज आपणासमोर ठेवतो.

मी डॉक्टर नाही. त्या मुलाला नेमके काय होते, हे मी सांगू शकत नाही. पण अशा स्वभावाच्या काही मुलांचे वर्णन व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी १९४४ साली केले होते. १९८१ साली लॉर्ना विंग या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ बाईंनी त्याला 'अ‍ॅस्पर्गर सिंड्रोम' हे नाव रूढ केले. बुद्धी चांगली, भाषा चांगली. परंतु दुसऱ्याच्या चेहऱ्यावरचे भाव, थट्टा, आडून बोललेली गोष्ट ध्यानात येत नाही. गोंगाट सहन होत नाही. ठरलेल्या क्रमात बदल झाला की जीव कासावीस होतो. मात्र आवडीच्या विषयात मन असे रुतते की बारीकशी चूकही नजरेतून सुटत नाही. २०१३ पासून अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात हे वेगळे नाव राहिलेले नाही. ते ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, या व्यापक संज्ञेत सामावले आहे. नाव बदलले तरी माणसे तीच आहेत, आणि त्यांच्या पोटापाण्याचा प्रश्नही तोच आहे.

आता डेन्मार्क देशात चला. तेथे थोरकिल सोन्ने नावाचे एक गृहस्थ टेलिफोन व्यवसायात तांत्रिक अधिकारी होते. त्यांच्या धाकट्या मुलाला तिसऱ्या वर्षी ऑटिझम असल्याचे निदान झाले. मुलगा सात वर्षांचा असताना त्याने कागदावर युरोपचा एक विचित्र नकाशा काढला. त्यात चौकोनच चौकोन आणि प्रत्येकात आकडे होते. वडिलांना अर्थ लागेना. शेवटी उलगडा झाला. प्रवासात गाडीत असलेल्या रस्त्यांच्या नकाशा-पुस्तकाचे सूचीपान मुलाने केवळ आठवणीतून उतरवले होते. वडिलांनी ताडून पाहिले, तर एकही आकडा चुकलेला नव्हता.

त्याच सुमारास ऑटिस्टिक मुलांच्या पालक संघटनेत काम करताना सोन्ने यांना हुशार पण बेकार असलेली मोठी माणसे भेटत होती. काम त्यांना येत होते. नोकरी मिळवणे जमत नव्हते. तेव्हा २००४ साली सोन्ने यांनी चांगली नोकरी सोडली, घरावर कर्ज काढले आणि 'स्पेशालिस्टर्न' नावाची कंपनी सुरू केली. या डॅनिश शब्दाचा अर्थ 'तज्ज्ञ मंडळी'. कंपनीने घेतलेले बहुतेक कर्मचारी ऑटिझम किंवा अ‍ॅस्पर्गर असलेले होते, आणि त्यांचे मुख्य काम होते संगणकाचे सॉफ्टवेअर तपासणे.

हेच काम का? आम्हा शिक्षकांना ते चटकन समजेल. पहिल्या दहा उत्तरपत्रिका आपण डोळ्यांत तेल घालून तपासतो. पन्नासाव्या उत्तरपत्रिकेला पेन आपोआप चालू लागते. सॉफ्टवेअर तपासताना एकच कृती शेकडो वेळा करावी लागते आणि शंभराव्या वेळीही एक पायरी गाळून चालत नाही. ज्या हट्टाला आपण घरी 'किटकिट' म्हणतो, त्याच हट्टाला तेथे पगार मिळू लागला. ही खैरातही नव्हती. कंपनी गिऱ्हाइकांकडून बाजारभावाने पैसे घेत असे.

पालकहो, या कंपनीने सर्वांत मोठा बदल केला तो दाराशी. नेहमीच्या मुलाखतीत काय पाहतात? हस्तांदोलन, हसतमुख चेहरा, "स्वतःविषयी सांगा" याचे चटपटीत उत्तर. म्हणजे ज्या कामासाठी माणूस हवा, त्याचा या परीक्षेशी संबंध थोडाच. स्पेशालिस्टर्नमध्ये उमेदवारांना लेगोच्या तुकड्यांपासून छोटे यंत्रमानव बनवावयास देत, आणि ते कसे विचार करतात, अडले तर काय करतात, हे काही महिने पाहत. थोडक्यात, बोलणे ऐकून नव्हे, तर हात चालताना पाहून निवड होत असे.

दुसरा बदल आतला. सूचना स्पष्ट आणि शक्यतो लेखी द्यावयाच्या. "जरा लवकर करा" असे नव्हे, तर "गुरुवारी चार वाजेपर्यंत करा" असे सांगावयाचे. जागा शांत असावी. अडचण आल्यास कोणाकडे जावयाचे, ते माणूस ठरलेले असावे. यात अवाढव्य खर्च कोठे आहे? आणि खरे सांगा, अशा सूचना आपणा सर्वांनाच नकोत काय?

हे लोण पुढे पसरले. २००८ साली बेल्जियममध्ये 'पासवर्क' आणि अमेरिकेत शिकागोजवळ 'अ‍ॅस्पिरीटेक' या संस्था याच कामासाठी निघाल्या. अ‍ॅस्पिरीटेक काढणाऱ्या दांपत्याचा मुलगा अ‍ॅस्पर्गर असलेला. २०११ साली बर्लिनमध्ये 'ऑटिकॉन' निघाली. तिच्या संस्थापकाचा मुलगाही तसाच. म्हणजे तीन कंपन्यांच्या मुळाशी "माझ्या मुलाला कोण ठेवणार?" हाच आईबापांचा प्रश्न होता. ऑटिकॉनचे तज्ज्ञ गिऱ्हाईक कंपन्यांच्या कामावर जातात, तेव्हा दोन्ही बाजूंना समजावून सांगणारा एक मार्गदर्शक त्यांच्या पाठीशी असतो. २०१३ साली जर्मनीच्या 'सॅप' या मोठ्या कंपनीने स्पेशालिस्टर्नशी हातमिळवणी केली. आणि त्यातला पहिला प्रयोग झाला तो आपल्या भारतात, बंगलोरला, जेथे काही ऑटिस्टिक तरुण सॉफ्टवेअर तपासण्यासाठी नेमले गेले.

परंतु येथे एक सावधगिरीचा शब्द. प्रत्येक ऑटिस्टिक मूल संगणकातले जादूगार असते, असा समज कृपया घरी नेऊ नका. कोणाला चित्रे आवडतील, कोणाला झाडे, कोणाला बेकरीतली मापे. आणि काहींना आयुष्यभर आधार लागेल. त्यांचा मान कमाईवर ठरत नाही. शिवाय अशा कंपन्यांत सामावणारी माणसे थोडी आणि वाट पाहणारी फार. म्हणूनच सोन्ने यांनी वेगळी कंपनी चालवण्यावर समाधान न मानता, साध्या कंपन्यांनीच आपली दारे बदलावीत, असा प्रयत्न पुढे चालवला.

मग आपण काय करावे? तीन गोष्टी नम्रपणे सुचवतो.

पहिली: लपवू नका. "लोक काय म्हणतील", "बहिणीच्या लग्नाला अडचण येईल" या भीतीने मूल घरात कोंडले जाते. वेळीच बालरोगतज्ज्ञ वा मानसशास्त्रज्ञाला दाखवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा स्पष्ट समावेश आहे. सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी किमान ४ टक्के जागा राखीव असून त्यांतील १ टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार इत्यादींच्या गटासाठी आहे. त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते.

दुसरी, माझ्या शिक्षकबंधूंना: नजर न देणारा मुलगा उद्धट समजण्यापूर्वी एकदा थांबा. मी थांबलो नव्हतो.

तिसरी: समाजातील दुकानदार, छापखानेवाले आणि कारखानदार बंधूंनो, अशा मुलाला गल्ल्यावर बसवून पारखू नका. मागच्या खोलीत साठ्याची मोजदाद द्या, हिशेबाची तपासणी द्या, आणि महिनाभर पाहा.

विद्यार्थी मित्रांनो, वर्गात एकट्या बसणाऱ्या मुलाची नक्कल करू नका. उद्या कदाचित तोच तुमच्या कामातली चूक पकडून तुम्हाला वाचवील.

स्पेशालिस्टर्नचे बोधचिन्ह आहे डँडेलियन या पिवळ्या रानफुलाचे म्हाताऱ्यासारखे उडणारे बी. हिरवळीत उगवले तर माळी ते तण म्हणून उपटतो. पण हेच झाड औषधी म्हणून मुद्दाम लावणारेही आहेत. झाड तेच, फरक जागेचा.

त्या अब्बांना आज मी इतकेच सांगेन: पोरगा तपासून झाला, आता दाराचे माप तपासू या.