उरलेला माल आणि नव्या उद्योजकाचा नफा



कपड्यांचा स्वतःचा ब्रँड उभा करावा असं आज अनेक मराठी तरुण-तरुणींच्या मनात आहे. दोन-चार शिलाई मशिनं, ओळखीचा कटिंग मास्टर, इन्स्टाग्रामवरचं एक पान आणि घरातून गोळा केलेलं लाख-दीड लाखाचं भांडवल एवढ्यावर सुरुवात होते. त्यांना मिळणारा सल्ला बहुधा नाव, लोगो, जाहिरात आणि विक्री वाढवण्याविषयी असतो. तो चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. पण माझ्या मते तो दुसऱ्या क्रमांकाचा आहे. नव्या ब्रँडचा नफा किंवा तोटा ठरतो तो हंगाम संपल्यावर कपाटात किती माल उरला यावर. आजचं सगळं विवेचन या एकाच विधानाभोवती आहे.

आधी एक हिशोब मांडतो. आकडे धरून चाललेले आहेत, पण तुम्ही आपापले घालून पाहा. एका सुती कुर्त्याला कापड 300 रुपयांचं, शिलाई 150, काजे-बटण, लेबल, इस्त्री आणि पॅकिंग 50. म्हणजे नग 500 रुपयांना पडला. विक्रीची किंमत, कर सोडून, 1,200. दिवाळीसाठी 300 कुर्ते शिवले, म्हणजे दीड लाख गुंतले. कागदावर 3 लाख 60 हजारांची विक्री दिसते आणि माणूस हुरळून जातो. प्रत्यक्षात 180 कुर्ते पूर्ण किमतीला गेले, दिवाळीनंतर 60 निम्म्या किमतीला काढावे लागले आणि 60 उरले. हाती आले 2 लाख 52 हजार. त्यातून मालाचे दीड लाख वजा केले की 1 लाख 2 हजार राहतात. प्रत्येक विक्रीमागे जाहिरात आणि कुरिअर मिळून 340 रुपये धरले, तर 240 नगांचे 81,600 झाले. माप बसलं नाही किंवा पैसे पार्सल घेताना द्यायचे होते आणि गिऱ्हाइकानं दार उघडलं नाही, म्हणून 60 पार्सलं परत आली. जाण्यायेण्याचे आणि पुन्हा इस्त्रीचे 180 रुपयांप्रमाणे 10,800 गेले. उरले 9,600. यातून जागेचं भाडं, फोटो आणि स्वतःचा पगार निघायचा आहे. वहीत मात्र नफा 39,600 दिसतो, कारण कपाटातले 60 कुर्ते तिथं 30 हजारांची मालमत्ता म्हणून लिहिलेले असतात. पुढच्या दिवाळीत त्यांना कोणी 30 हजार देणार नसतं.

माल उरतो तो उद्योजक आळशी असतो म्हणून नव्हे. कपडा ही मापाची वस्तू आहे. तीन डिझाइनं, चार रंग आणि पाच साइझ घेतल्या की साठ वेगवेगळ्या वस्तू तयार होतात. 300 नगांत प्रत्येकीच्या वाट्याला पाचच येतात. मधल्या साइझ चार दिवसांत संपतात आणि मग सेट तुटतो. पानावर माल दिसतो, पण येणाऱ्या गिऱ्हाइकाला हवा असतो तो नसतो. बाजारात ज्याला ‘कट साइझ’ म्हणतात तो माल असा जन्माला येतो. मोसमी डिझाइन असेल तर त्याला पुढचा मोसमही नाही. दुकानात विविधता दिसावी या हौसेपायी नवा माणूस पहिल्याच दिवशी या कचाट्यात सापडतो.

मोठ्यांचीही यातून सुटका नाही. 2018 च्या मार्चमध्ये स्वीडनच्या ‘एच अँड एम’ कंपनीकडचा मालसाठा सुमारे 4.3 अब्ज डॉलरचा झाल्याची बातमी जगभर गाजली. त्याच वर्षी इंग्लंडच्या ‘बर्बेरी’नं आदल्या आर्थिक वर्षात 2 कोटी 86 लाख पौंडांचा न विकलेला माल नष्ट केल्याचं उघड झालं, टीका झाल्यावर कंपनीनं ती पद्धत बंद केली. विशेषज्ञांची फौज पदरी असताना ज्यांचे अंदाज चुकतात, त्यांच्या तुलनेत आपला अंदाज बरोबर येईल असं मानणं धाडसाचं आहे. म्हणून अंदाज अचूक करण्याच्या मागे लागण्याऐवजी अंदाज बांधण्याची वेळच पुढे ढकलावी. इटलीच्या ‘बेनेटन’नं 1970 च्या दशकात हेच केलं. सुताला आधी रंग देऊन स्वेटर विणण्याऐवजी त्यांनी स्वेटर पांढरे विणून ठेवले आणि कुठला रंग खपतोय हे कळल्यावर रंगवले. 1975 मध्ये स्पेनच्या ला कोरुन्या गावात पहिलं दुकान उघडणाऱ्या ‘झारा’नंही फॅशनच्या मालाचा मोठा हिस्सा स्पेन, पोर्तुगाल, मोरोक्को, तुर्कस्तान अशा जवळच्या ठिकाणी शिवून घेण्याचा रिवाज ठेवला. आशियापेक्षा तिथली शिलाई महाग पडते. तरीही ते परवडतं, कारण थोडा माल काढून, बाजार पाहून, लगेच पुन्हा काढता येतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: छोटा लॉट महाग पडतो. पडतोच. वरचाच हिशोब पुन्हा करू. एकदम 300 न शिवता 80-80 च्या तीन लॉटांत 240 कुर्ते शिवले आणि नगाचा खर्च 560 वर गेला असं धरू. पहिल्या लॉटात काय चाललं ते पाहून पुढचा काढल्यामुळे 225 पूर्ण किमतीला गेले आणि 15 निम्म्या. विक्री 2 लाख 79 हजार. मालखर्च 1 लाख 34 हजार 400. जाहिरात, कुरिअर आणि परतीचा खर्च पूर्वीइतकाच. हाती उरतात 52,200. नगामागे 60 रुपये जास्त मोजून हातात पाचपटीहून अधिक रक्कम राहिली. यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. नफा कमी पडला की नव्या उद्योजकाची पहिली नजर शिलाईच्या दरावर जाते. नगामागे 20 रुपये कापले तर 300 नगांत 6 हजार वाचतात. उरलेल्या 60 कुर्त्यांत 30 हजार अडकलेले असतात. शिवणाऱ्या बाईच्या मजुरीतून ते भरून काढणं अन्यायाचं आहे आणि हिशोबातही बसत नाही.

दुसरा आक्षेप असा, की माल मोजकाच ठेवला तर गिऱ्हाईक येईल कशाला? गिऱ्हाईक विविधतेसाठी मोठ्या दुकानात जातं. लहान ब्रँडकडे ते एका गरजेसाठी येतं, आणि गरजेची वस्तू टिकते. रिव्हेट लावलेल्या पँटचं पेटंट लेव्ही स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांना 1873 मध्ये मिळालं आणि ती वस्तू आजही विकली जाते. आपल्या सोलापूरचा गणवेश उद्योग पाहा. शाळेचा गणवेश दर मोसमाला बदलत नाही, कुठल्या इयत्तेला कुठली मापं लागणार हे साधारण ठाऊक असतं. यंदा उरलेला नग पुढच्या जूनमध्ये चालतो. शिवलेल्या नऊवारीचंही तसंच आहे. काष्टा नेसायला वेळ किंवा सराव नसलेल्या बायकांची ती खरी गरज आहे, आणि मापं घेऊन, आगाऊ रक्कम घेऊन ती शिवता येते. गणेशोत्सवातली ढोल-ताशा पथकं साठ-सत्तर कुर्ते एकाच रंगात मागतात, मापांची यादी स्वतः देतात. या मालाची विक्री शिवण्याआधीच झालेली असते. रेडिमेडच्या ठरावीक साइझमध्ये न बसणारी माणसं, खूप उंच, खूप बुटकी, अंगानं भारी, यांच्याकडे तर कोणी नीट पाहिलेलंच नाही.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गुंतवणूकदारांच्या पैशावर चालणाऱ्या कंपन्या वर्षानुवर्षं तोटा सोसून नाव कमावतात, मग आपण का थांबायचं? त्यांचा तोटा दुसऱ्यानं जाणूनबुजून पत्करलेला असतो. तुमच्या भांडवलात आईचे दागिने किंवा वडिलांच्या निवृत्तीची रक्कम असते. शिवाय सवलतीनं आणलेलं गिऱ्हाईक पुढच्या सवलतीपर्यंत थांबायला शिकतं. ते तुमच्या नावाचं होत नाही. किमतीत 299 रुपयांच्या टी-शर्टाशी लढणं लहान उद्योजकानं सोडूनच द्यावं.

करासंबंधी एवढंच सांगतो: 22 सप्टेंबर 2025 पासून 2,500 रुपयांपर्यंतच्या कपड्यावर 5 टक्के आणि त्याहून महाग कपड्यावर 18 टक्के जीएसटी आहे. म्हणून 2,500 ची नऊवारी गिऱ्हाइकाला 2,625 ला पडते आणि 2,600 ची थेट 3,068 ला. किंमत ठरवण्यापूर्वी हे पाहा. दुकानदारांना उधारीवर माल देणार असाल तर आधी उद्यम नोंदणी करून घ्या. सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात, असं 2006 चा कायदा सांगतो.

शेवटी विनंती आहे ती इथं बसलेल्या जुन्या व्यावसायिकांना. इचलकरंजी, भिवंडी, मालेगावच्या मागांवर कापड निघतं, सोलापुरात शिवणारे कुशल हात आहेत. तरीही नव्या मुलीला पन्नास मीटर कापड रंगवून हवं असेल तर प्रोसेसवाले लॉट लहान म्हणून तिला परत पाठवतात, आणि ती नाइलाजानं हजार मीटर उचलते. तिच्याकडून दर जास्त घ्या, रक्कम आगाऊ घ्या, पण लहान लॉटसाठी आठवड्यातला एक दिवस राखून ठेवा.