घाटउतार आणि नवा ट्रकचालक

मोटार वाहन कायदा, 1988 नुसार मालवाहू वाहन चालवण्यासाठी वयाची 20 वर्षे पूर्ण असावी लागतात. तथापि परवाना मिळाल्यानंतरही लांब पल्ल्याच्या ट्रकचे खरे शिक्षण बहुधा रस्त्यावरच, अनुभवी चालकासोबत क्लीनर म्हणून राहून, पूर्ण होते.

या शिक्षणातील सर्वांत कठीण भाग घाट उतरण्याचा असतो. खोपोली आणि खंडाळा यांच्यामधील बोरघाटासारख्या दीर्घ उतारावर भरलेला ट्रक केवळ ब्रेक दाबून रोखत राहिल्यास घर्षणामुळे ब्रेकचे लायनर व ड्रम अतिशय तापतात, त्यांची पकड क्षीण होते आणि पेडल दाबूनही वेग पुरेसा कमी होत नाही. या अवस्थेस ‘ब्रेक फेड’ म्हणतात. म्हणून उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकून इंजिनाच्या अवरोधाने वेग आवरणे, म्हणजेच ‘इंजिन ब्रेकिंग’, आवश्यक ठरते. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे घातक असते, कारण चाकांचा इंजिनाशी संबंध तुटून सारा भार ब्रेकवरच येतो. एअर ब्रेकच्या टाकीतील हवेचा दाब, टायर आणि मालाची बांधणी यांची तपासणीही घाटापूर्वीच करावी लागते.

या कौशल्यास विश्रांतीची जोड अपरिहार्य असते. मोटार वाहतूक कामगार कायदा, 1961 ने सामान्यतः दिवसाला 8 तास कामाची मर्यादा घालून, सलग 5 तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती बंधनकारक केली, कारण थकलेल्या चालकाची प्रतिक्रिया मंदावते आणि जड वाहन थांबण्यास लागणारे मोठे अंतर त्यास मिळत नाही.